बाईंचा चमचा

३ मार्च

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे चोपन्न, एका कारखान्याच्या लेखा विभागातून स्वेच्छेने निवृत्त, विधुर आणि कालच्या तारखेपासून पुन्हा विवाहित. माझे नाव या वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आहे. ते येथे पुन्हा लिहिणे म्हणजे शाईची उधळपट्टी. रोजनिशी लिहिण्याचा माझा पिंड नव्हे. परंतु माझ्या एकुलत्या मुलीने तशी अट घातली. ती म्हणाली, की बाबा, फोनवर तू सगळ्यालाच ‘उत्तम’ म्हणतोस, त्यावरून मला ओ की ठो कळत नाही. तू लिहून ठेव, आणि जूनमध्ये येशील तेव्हा वही घेऊन ये, मी पडल्या पडल्या वाचीन. जूनच्या अखेरीस तिचे बाळंतपण आहे. जावई बोटीवर असतात, ऑगस्टपूर्वी परतायचे नाहीत. तिची आई हयात नाही. तेव्हा एक जूनला मी तिच्याकडे जायचे आणि आई-बाप या दोन्ही खात्यांचे काम एकट्याने पाहायचे, असे आमचे ठरले आहे. सौ.ला याची कल्पना मी लग्नापूर्वीच दिली होती. तिने मान डोलावली होती.

घर सौ.च्या आईचे. गल्लीच्या टोकाला, दुमजली, लाल फरशीचे. दाराचा उंबरठा चांगला रुंद, झिजून मध्ये खोलगट झालेला. इतकी शांत गल्ली मी उभ्या जन्मात पाहिली नाही. हॉर्न नाही, भांडण नाही, मुलांची आरडाओरड नाही. समोरच्या शिंप्याने धावत येऊन माझी ट्रंक उचलली आणि विचारले, की जावईबापू, राहायला आलात की दुकान टाकायला? त्यानेच सांगितले, की सासूबाईंनी चाळीस वर्षे बालवर्ग चालवला आणि या गल्लीतली एकूण एक माणसे त्यांच्या हाताखालून गेली आहेत. म्हणून सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात.

आत खिडकीशी पन्नाशीचे एक गृहस्थ हातरुमालांच्या घड्या घालत बसले होते. ते उठले, माझा कोट घेतला, झटकून खुंटीला लावला आणि परत जागेवर बसले. सौ. म्हणाली, की हा आमचा गुणी. मेहुणे दिसतात. बोलके नाहीत, मलाही बोलक्या मेहुण्यांची फार आवड नाही.

एकंदरीत, उतारवयात असे घर मिळणे हे भाग्य. मुलीला फोनवर तसे कळवले. तिने विचारले, की ‘उत्तम’ का? दोघेही हसलो.

या वहीला एकच वाचक असल्याने सही तिच्या ओळखीची करतो.

तुझा बाबा
नवे घर, ३ मार्च

६ मार्च

या घराला शिस्त आहे आणि ती कोणी लादलेली दिसत नाही, हे मला विशेष वाटले. चहाच्या वेळी सगळे आपापल्या खुर्चीत असतात. कोणी कोणाला हाक मारून बोलावत नाही. सासूबाई टेबलाच्या टोकाला बसतात. अंगाने बारीक, चष्मा दोरीला बांधलेला, चेहरा सदैव हसरा. त्यांच्यापुढे एक रिकामी बशी आणि एक लहान चमचा असतो. चहा त्या कपातून पितात, त्यामुळे या बशीचे प्रयोजन मला कळेना.

आज कळले. मी चहा संपवून कप स्वतः उचलला आणि मोरीत नेऊन विसळला. त्याच क्षणी मागे आवाज झाला: टण्. चमचा बशीच्या कडेवर, एकदाच, हलका. वळून पाहिले तर तिघेही माझ्याकडे पाहून हसत होते. सौ.ने लगेच दुसरा कप भरून दिला, आले घातलेला. सासूबाई म्हणाल्या, की शहाणे आहेत हो आमचे जावई.

चोपन्नाव्या वर्षी कप विसळल्याबद्दल शाबासकी! मला हसू आले. खोटे कशाला लिहू, बरेही वाटले.

तुझा बाबा
नवे घर, ६ मार्च

१५ मार्च

बोलण्यापूर्वी घसा खाकरायची माझी जुनी खोड आहे. कार्यालयात माझ्यामागे मला ‘खाकरे’ म्हणत, हे मला ठाऊक होते. चहाच्या वेळी मीच तो किस्सा रंगवून सांगितला आणि म्हटले, की बघा बाई, तुमच्या शाळेत या पोराचे काही होते का.

सासूबाईंनी ते मनावर घेतले. त्यांची पद्धत त्यांनी मला सविस्तर समजावली आणि ती माझ्यासारख्या काटेकोर माणसाला तत्काळ पटली. त्या म्हणाल्या, की मुलांवर मी कधी हात उचलला नाही; हात उचलला की मूल हाताला भितं, चुकीला नाही. चुकलं तर काही करायचं नाही. काही नाही म्हणजे काहीच नाही. बघायचंसुद्धा नाही. आणि बरोबर केलं, की तेव्हाच्या तेव्हा कळवायचं. शब्दांनी नको, शब्दाला वेळ लागतो. पळभर उशीर झाला, नाहीतर पळभर घाई झाली, तरी पोर भलतंच शिकतं.

मी खाकरलो, की कोणी माझ्याकडे पाहत नसे. न खाकरता बोललो, की टण्, आणि मग तिघांचे चेहरे माझ्याकडे वळत, जणू खोलीत कोणी दिवा लावला. तीस वर्षांची खोड आठवड्याच्या आत गेली. मुलीला फोनवर सांगितले. ती म्हणाली, की बाबा, तू खाकरला नाहीस म्हणून मला क्षणभर वाटलं, दुसराच कोणी बोलतोय.

तुझा बाबा
नवे घर, १५ मार्च

२ एप्रिल

दाढी करताना मी गुणगुणतो. म्हणजे, गुणगुणत असे. ही खोड मी दुरुस्तीला दिली नव्हती. परंतु काही दिवसांपासून असे घडते, की गुणगुणत खाली आलो तर सौ. चहा देत नाही. नकार देत नाही; ती मला पाहतच नाही. मी विचारतो, की चहा झाला का? उत्तर नाही. मेहुणे रुमालाची घडी घालत असतात. सासूबाई खिडकीबाहेर पाहत असतात. मी टेबलाशी उभा असतो आणि टेबलाला तीनच माणसे असतात.

हा प्रकार न्याहारीपर्यंत टिकतो, मग आपोआप संपतो. राग नाही, टोमणा नाही, कशाचा उल्लेखही नाही. पूर्ववत हसू, पूर्ववत चहा.

असेच एकदा पहिल्या पत्नीचा विषय निघाल्यावर झाले. तिला वांगी आवडत नसत, एवढेच मी म्हणालो होतो. जेवण संपेपर्यंत मी त्या खोलीत नव्हतो.

आता दाढी मुकाट्याने करतो. फारसे काही बिघडत नाही. गाणे म्हणण्याइतका माझा गळा गोड नव्हताच.

तुझा बाबा
नवे घर, २ एप्रिल

१९ एप्रिल

एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. पूर्वी बरोबर वागलो की दर वेळी चमचा वाजे. आता कधी वाजतो, कधी वाजत नाही. वाटले होते, की यामुळे माझा उत्साह मावळेल. झाले उलटेच. वाजला नाही, की मी मनाशी झाडाझडती घेतो, काय राहिले, कोठे चुकलो, आणि पुढच्या वेळी अधिक नेटके वागतो. मी शिकलेला माणूस आहे. हे सारे मला दिसते. दिसते म्हणून थांबत मात्र नाही.

संध्याकाळी मी मुलीशी फोनवर बोलतो. बोलून आत आलो की घर बहिरे असते. पूर्वी न्याहारीपर्यंत असे, आता दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत. काल सौ.ला गच्चीवर कपडे वाळत घालताना एकटीला गाठले आणि स्पष्ट विचारले. तिने चिमटे ओच्यात धरले होते. ती म्हणाली, की अहो, ताणून धरू नका. सवय होते. नंतर काही वाटत नाही, उलट बरं वाटतं. मी म्हटले, की ती माझी मुलगी आहे. ती म्हणाली, की हो. मग म्हणाली, की मी लहानपणी फार बडबडी होते म्हणे, मला तर आठवतही नाही.

आज फोन थोडक्यात आटोपला. आत येताना वाजला नाही. फोन टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावला, तेव्हा वाजला.

तुझा बाबा
नवे घर, १९ एप्रिल

७ मे

फोन आता शिंप्याच्या दुकानात बसून करतो. शिंपी दिलदार माणूस आहे. तोंडाचा पट्टा मशीनच्या पट्ट्याहून वेगवान. मुलीशी बोलणे झाले, की तो चहा मागवतो आणि मी मनमुराद खाकरतो. (खाकरण्याचा प्रयत्न करतो. जमत नाही.) मुलीची प्रकृती चांगली आहे. पायांना सूज आहे, ती असतेच, असे डॉक्टर म्हणाले. एक जूनचे तिकीट काढले का, असे तिने पुन्हा विचारले. काढले आहे.

आज कोटाची बाही लांब करायला दिली. शिंपी माप घेत म्हणाला, की जावईबापू, या घराचे दोन्ही जावई माझ्याच टेपेखालून गेले बघा. मी म्हटले, की दोन्ही म्हणजे? तो म्हणाला, की अहो तुम्ही आणि गुणी! त्याच्या लग्नाचा सूट मीच शिवला की. काय माणूस होता, इथं या स्टुलावर बसून नुसता धिंगाणा. नकला काय करायचा, गाणी काय म्हणायचा, हसून हसून माझी सुई बोटात जायची. घटस्फोट झाला तरी राहिला तसाच, बाईंनी काय घराबाहेर काढलं नाही, बाईंनी कुणाला कधी—

एवढ्यात समोरच्या खिडकीतून आवाज आला. टण्. उघड्या खिडकीतून, रस्ता ओलांडून.

शिंप्याचे वाक्य तेथेच तुटले. टेप त्याने गळ्यात टाकली, मशीनवर बसला, पाय पायडलवर पडले. मी हाक मारली. पुन्हा मारली. त्याच्या खांद्याला हात लावला. तो ताठ मानेने शिवण घालत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान होते. बालवर्गातल्या पोराच्या चेहऱ्यावर असते तसे.

कोट तेथेच राहिला.

तुझा बाबा
नवे घर, ७ मे

८ मे

विवाहमंडळातल्या मध्यस्थांनी सांगितले होते, की सौ.चे पहिले यजमान घर सोडून गेले. त्यांना तसेच सांगितले गेले असावे.

दिवसभर गुणीकडे पाहत होतो. त्याला ‘मेहुणे’ लिहिणे आता जमणार नाही. त्याच्या घड्या फार सुबक असतात. कोपऱ्याला कोपरा. मी स्वतः त्याहून सुबक घातल्या नसत्या, हा विचार मनात आला आणि मी तो तेथेच थांबवला.

घाबरायला हवे, हे मला कळते. घाबरलो नाही. पाय बधिर झाल्यावर टाचणी टोचून पाहतात, तसा मी हा मजकूर दोनदा वाचला.

सही करताना खिडकीत वाजले. मी अजून ‘तुझा’ एवढेच लिहिले होते. हात थांबला. मग पुरी केली.

तुझा बाबा
८ मे

२० मे

सासूबाई आठवड्यासाठी बहिणीकडे गेल्या. बशी आणि चमचा टेबलावरच आहेत.

मी विचारपूर्वक ठरवले आहे. ज्या पद्धतीने गुणी असा झाला, त्याच पद्धतीने त्याला परत आणायचे. काट्याने काटा काढायचा. तो बाहेर जाऊ शकला, तर मीही जाऊ शकेन. मुलीकडे जायला मला कोणाच्या परवानगीची गरज नाही, हे खरे आहे. तरीही आधी त्याला जाताना पाहायचे आहे.

आज गुणीने रुमाल सोडून दाराकडे नुसते पाहिले, तेव्हा मी चमचा वाजवला. त्याचे तोंड असे उजळले, की मला मान वळवावी लागली. नंतर तो वारंवार दाराकडे पाहू लागला. काही वेळाने उठला. वाजवले. दाराच्या दिशेने सरकला. वाजवले. सौ. मध्ये पडली नाही. ती दर आवाजाला तिच्याही नकळत हसत होती.

हे काम आनंदाचे आहे. हेही लिहून ठेवायला हवे.

तुझा बाबा
२० मे

२४ मे

आज गुणी उंबरठ्यापर्यंत गेला. दार मी सताड उघडे ठेवले होते. बाहेर ऊन, समोर शिंप्याचे दुकान, त्याचे जुने स्टूल. उंबरठ्यावर तो उभा राहिला आणि त्याच्या घशातून काहीतरी आले. शब्द नव्हता. चाल होती. एखाद्या गाण्याच्या पहिल्या ओळीची.

त्याने पाय उचलला. मी चमचा उचलून धरला होता. मी वाजवले.

घाई झाली. पाय पलीकडे टेकायच्या आत वाजवले. तो तेथेच थांबला, उचललेला पाय हवेत तसाच ठेवून, आणि माझ्याकडे वळून हसला. त्याने बरोबर केले होते. मी तसे त्याला कळवले होते. मग पाय आत घेऊन तो खुर्चीकडे गेला आणि चहाची वाट पाहू लागला.

पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. दर वेळी तो उंबरठ्यापर्यंत जातो, पाय उचलतो, थांबतो, हसतो, परत येतो. मी वाजवले नाही तरीही. आता तो बाहेर जाणे शक्य नाही. हे बाईंनी केलेले नाही.

२७ मे

सासूबाई परतल्या. गुणीने त्यांच्यासमोर उंबरठ्याशी जाऊन पाय उचलला आणि थांबला. त्यांनी डोके एका बाजूला कलते केले, चुकलेली पाटी पाहावी तसे. मग मला म्हणाल्या, की जावईबापू, पळभर घाई झाली. पाय पलीकडे टेकला, की मग. पहिल्या पहिल्यांदा होतं असं. माझंही व्हायचं.

आवाजात राग नव्हता. त्यांनी चमचा उचलला आणि माझ्यासाठी वाजवला.

मला बरे वाटले. लिहितो आहे, कारण अजून लिहिता येते. मला फार बरे वाटले.

बॅग भरून ठेवली आहे. मुलीला सांगितले, की निघतोच आहे. ती म्हणाली, की बाबा, आवाज का असा? मी ‘उत्तम’ म्हटले. ती हसली नाही.

तुझा बाबा
२७ मे

१ जून

बॅग घेऊन दाराशी गेलो. कोणी अडवले नाही. कोणी पाहिलेही नाही. दार उघडे होते.

उंबरठ्यावर पाय उचलला. टण्.

पाय उचलला म्हणून वाजले, की थांबलो म्हणून? म्हणजे, मी आधी थांबलो, की आधी वाजले? हे निश्चित केल्याखेरीज पुढे जाणे योग्य नव्हे, असे वाटले. विचारावे म्हणून मागे वळलो. टेबलावर माझा कप भरलेला होता. आले घातलेले होते. तिघेही माझ्याकडे पाहत होते. सासूबाईंनी माझी खुर्ची मागे ओढून दिली आणि म्हणाल्या, की या, शहाणे.

गाडी सुटून गेली असेल.

३ जून

उद्या जाईन. असे तिला फोनवर सांगायला हवे. फोन खणात आहे. खण उघडला की—

घर बहिरे आहे, ते मी हे लिहितो आहे म्हणून. पेन हातात असेपर्यंत मी येथे नसतो. वर वाक्य अर्धे टाकून पेन खाली ठेवले, तेव्हा वाजले होते. म्हणून आज

९ जून

पूर्ण वाक्य लिहून टोपण लावले, तर वाजत नाही. अर्धे टाकले तर वाजते. कधी कधी. तपासून पाहिले. हे मला दिसते आहे. मी पदवीधर माणूस, मला सगळे दिसते आणि तरी

१६ जून

खणात फोन वाजत होता. बराच वेळ. सौ. भाजी निवडत होती. गुणी घड्या घालत होता. मी बसून राहिलो. फोन थांबला. मग चमचा.

आता फोन वाजू लागला, की मला चहाची तहान लागते.

सही राहिली.

२३ जून

तिला पायांना सूज आहे. ती एकटी आहे. हे लिहून ठेवतो, कारण सकाळी आठवायला वेळ लागला. मुलगी. माझी. जूनच्या अखेरीस. जावई बोटीवर—

गुणी आज मला पाहून हसला. उंबरठ्याशी त्याच्या शेजारी उभा राहतो हल्ली. ऊन चांगले येते. पाय उचलला की छान

५ जुलै

फोन वाजत नाही आता. चार्ज संपला असेल. बरे झाले. बरे झाले, हे मी लिहिले? पहिल्या पानावर एक नाव आहे. ठळक अक्षर. माझेच वळण. मोठ्याने वाचून पाहिले. कोणी वळून पाहिले नाही. ‘शहाणे’ म्हटले की तिघेही

२८ जुलै

सकाळ. चहा झाला आहे. दार लावलेले आहे.

बाहेर कोणी कडी वाजवते आहे.

कोणा स्त्रीचा आवाज. बाबा म्हणते आहे. बाबा, दार उघड. बाबा, मी आले. आणि लहान मुलाचे रडणे. अगदी लहान. अजून आवाज नीट न फुटलेले.

सौ. कप विसळते आहे. गुणी घड्या घालतो आहे. सासूबाई खिडकीबाहेर पाहत आहेत, चमचा बोटांत.

ती आता समोर शिंप्याला विचारते आहे. त्याचे मशीन थांबत नाही. ती पुन्हा दाराशी आली. म्हणते आहे, बाबा, निदान खाकर तरी. मला कळेल तू आत आहेस.

प्रयत्न केला. घशात काही नाही.

टण्. कशासाठी, ते कळले नाही. चहा भरला जातो आहे.

नाही. ठरवले आहे. एक गोष्ट पूर्ण करायची. वाक्य नको, वाक्य जमणार नाही. फक्त सही. दोन शब्द, तिच्या ओळखीचे. ते शेवटच्या अक्षरापर्यंत नेले, की पेन टाकायचे, उठायचे, कडी काढायची. बाळ रडते आहे. मधे वाजले तरी थांबायचे नाही. आता.

तुझा बा